मायवोरच्या नावाचे बन

स्वीडनमधल्या उप्सालातल्या त्या प्रयोगशाळेत एक रीत होती. ज्याच्या हातून काही बिघडेल, काच फुटेल, नमुना सांडेल, पंप कोरडा चालून जळेल, त्याने येत्या शुक्रवारी घरून वेलदोड्याचे बन भाजून आणायचे. सकाळच्या कॉफीला ते मधोमध मांडायचे, सगळ्यांनी खायचे, आणि तो विषय तिथेच मिटायचा. पुन्हा कुणी काढायचा नाही. बन खाऊन झाल्यावर जुनी चूक उकरणारा माणूस तिथे असभ्य समजला जाई.

यंत्रे दुरुस्त करणारा आल्गोत पोटावर हात फिरवत म्हणायचा, "हे सगळं तुमच्या चुकांवर पोसलंय बरं." आणि मग हमखास मायवोरकडे वळायचा. "एक तूच तेवढी कंजूष. मी रिटायर व्हायच्या आत एकदा तरी चूक की गं, मायवोर. तुझ्या हातची चव कळू दे."

मायवोर हसून कप धुवायला उठायची. खरेच, इतक्या वर्षांत तिचे बन त्या टेबलावर आले नव्हते. चुका तिच्याही होत असत, पण त्या तिच्या तिलाच आधी दिसत आणि दुसऱ्याला कळण्याआधी निस्तरल्या जात. याचा तिला थोडा गर्वही होता. रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकले की ती त्या गर्वाची माफी मागायची, आणि सोमवारी पुन्हा तितक्याच काळजीने कुप्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची.

तिचे काम हार्मोनचे. मुलांची उंची वाढवणारे जे हार्मोन आपल्या डोक्यात मेंदूखाली तयार होते, त्याचे शुद्ध द्रावण करून ही प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यातल्या इस्पितळांना पाठवत असे. मुलाच्या रक्तात ते किती आहे हे त्या कुपीशी ताडून ठरवायचे. सोनाराच्या वजनासारखे ते. वजनच खोटे असेल तर तराजू कितीही चांगला असून उपयोग नाही. म्हणून कुपी पाठवण्याआधी तिच्यात फक्त तेच हार्मोन आहे ना, त्याचा काही भाग बिघडलेला तर नाही ना, हे तपासायला लागे. ते तपासायचे कॉलमवर.

कॉलम म्हणजे एक नळी, आत बारीक मणी ठासून भरलेले. मण्यांच्या अंगावर एका जातीचा विजेचा भार, विरघळलेल्या हार्मोनच्या अंगावर उलट जातीचा. दोघे एकमेकांना धरून बसतात. मग वरून सोडलेल्या पाण्यातले मीठ हळूहळू वाढवत न्यायचे. ज्याची पकड सैल तो आधी सुटतो, ज्याची घट्ट तो मागून. जो जो सुटून बाहेर पडेल त्याचा एकेक उंचवटा यंत्राची लेखणी कागदावर काढत जाते. एकच उंचवटा आला तर माल स्वच्छ. दुसरा आला तर आत दुसरे कुणीतरी आहे.

पण हे सगळे कॉलम योग्य निवडला तर. प्रथिनांच्या हार्मोनचे नखरे फार. पाणी जरा आंबट झाले की त्यांच्या अंगावरचा भारच पालटतो. मण्यांची भोके अरुंद असली तर ती अंगाने मोठी असल्यामुळे आत शिरतच नाहीत. पकड गरजेपेक्षा घट्ट असली तर सोडवता सोडवता मोडतात. कुणी नवा कॉलम सुचवला की मायवोर म्हणायची, "सून बघायला गेल्यासारखं करू नका. दिसायला कसा ते नंतर. आपल्या घरात कसा वागतो ते आधी बघू."

त्या उन्हाळ्यात असे दोन कॉलम समोर होते. एक जुना, उंच काचेचा, मायवोरने स्वतःच्या हाताने मऊ, जाडसर मणी भरून तयार केलेला. सकाळी चालू केला तर दुपारची कॉफी होईपर्यंत थेंब थेंब करत राही. दुसरा नवा, बोटाएवढा, कडक आणि अगदी बारीक मण्यांचा. वर्ष एक्याऐंशी-ब्याऐंशीचे. तसे कॉलम नुकतेच बाजारात यायला लागले होते आणि ते चटकन काम उरकत. प्रयोगशाळेचा प्रमुख टोर्केल याने दोघींना सांगितले होते की सुट्टीवर जाण्याआधी यातला एक ठरवा, पुढची सगळी तपासणी त्याच्यावरच होईल.

दोघी म्हणजे मायवोर आणि गुल्लन.

गुल्लन दोन वर्षांपूर्वी हंगामी नोकरीवर आली ती मायवोरच्याच शिफारशीने. दोघी चर्चच्या गायकवर्गात शेजारी शेजारी उभ्या राहून खालच्या पट्टीत गात. गुल्लनला सूर पकडायला जरा उशीर लागे, तेव्हा ती मायवोरच्या कोपराला कोपर लावून ठेवी. मायवोरने श्वास घेतला की तिला कळे. मायवोरच्या आईचे डोळ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा गुल्लनने आठवडाभर रोज इस्पितळात सूप नेऊन दिले होते. मायवोरने लग्न केले नव्हते. बहीण नव्हती. त्यामुळे मनातले सांगायचे ठिकाण एकच, गुल्लन.

नवा कॉलम पहिल्यांदा पाहून गुल्लनच जास्त हरखली होती. अंड्याच्या पांढऱ्याची प्रथिने त्याच्यावर सोडून पाहिली तर एकेक वेगळे, काटेकोर, सुईसारखे उंचवटे आले.

"जुना आजीबाईसारखा आहे गं," ती म्हणाली, "प्रेमळ, पण चष्मा हरवलेला. सगळी नातवंडं एकसारखीच दिसतात तिला. हा नवा मात्र पोलीस आहे, पोलीस!"

"घाई नको," मायवोर म्हणाली. "हार्मोन सोडून बघू. सणानंतर."

सण म्हणजे मिडसोमर, गावोगाव नाचगाण्याचा. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, ज्याच्या आदल्या दुपारी सगळे शहर रिकामे होते. शुक्रवारी कॉफी झाली आणि जो तो पिशव्या उचलायला लागला. मायवोरने हार्मोनची कोरडी पूड विरघळवून कुप्या भरल्या, चिठ्ठ्या लावल्या, स्टँडमध्ये ओळीने उभ्या केल्या. सोमवारी सकाळी यातलीच कुपी दोन्ही कॉलमवर सोडायची होती. आता फक्त स्टँड थंड खोलीत ठेवायचा राहिला होता. आणि तिची गावाकडची बस सुटायला आली होती. आई तिकडे वाट पाहत बसली होती.

"जा ना तू," गुल्लन म्हणाली. "मी ठेवते. शेल माझा अजून आलाच नाहीये गाडी घेऊन." शेल तिचा नवरा.

"नक्की?"

"अगं, स्टँड उचलून दहा पावलं चालायचं आहे. बाळ सांभाळायला देत नाहीयेस माझ्याकडे. जा, आईला माझा नमस्कार सांग."

मायवोर गेली. बसमध्ये तिच्या मांडीवर शेपू घालून उकडायचे नवे बटाटे होते, बाहेर मोहरीची पिवळी शेते होती, आणि स्टँडचा विचार तिच्या मनाला शिवलासुद्धा नाही.

सोमवारी ती आली तर स्टँड थंड खोलीत जागच्या जागी. गुल्लन आज लवकर आलेली. दोघींनी मिळून काम सुरू केले. जुन्या कॉलमवर एक गोल, रुंद, गुबगुबीत उंचवटा आला. नव्यावर एक उंच, निमुळता आला आणि लेखणी खाली उतरते न उतरते तोच पुन्हा वर चढली. दुसरा उंचवटा. पहिल्याच्या मागोमाग, लहान, पण स्पष्ट.

मायवोर कागदाकडे पाहत राहिली. मागून सुटला, म्हणजे पकड जास्त घट्ट. पकड घट्ट, म्हणजे अंगावर भार जास्त. हार्मोन उबेत पडून राहिले की त्याचा एखादा तुकडा बदलतो आणि नेमका असाच भार वाढतो, हे तिला पाठ होते. पण या कुप्या तर थंडीत होत्या.

"हा कॉलमच खोड्या करतोय," गुल्लन भरकन म्हणाली. "बारीक मण्यांचा दाब पडून मोडत असेल हार्मोन."

मायवोरने दुसरी कुपी सोडली. तोच दुसरा उंचवटा. तिसरी सोडली. तोच. मधल्या वेळात टोर्केल कॉफीचा कप घेऊन आला, कागद उचलून भिंतीवर टाचणीने लावला, भुवया चढवल्या आणि म्हणाला, "बुधवारी बोलू यावर. दोन कॉलम, एकच कुपी, आणि दोन वेगळ्या गोष्टी सांगतायत. एक कुणीतरी खोटं बोलतंय." आणि गेला. तो हुशार माणूस होता, पण माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा त्याला कागदावरच्या रेघा लवकर वाचता येत.

गुल्लनने थंड खोलीचे जाड दार लावून घेतले तेव्हा मायवोर आत कुप्या मोजत होती. आत दोघींच्या श्वासाची वाफ दिसत होती.

"मायवोर, मी विसरले."

"काय विसरलीस?"

"स्टँड. शुक्रवारी. शेल खाली येऊन हॉर्नवर हॉर्न वाजवायला लागला. गाडीत हेरिंग मासे, बर्फ वितळतोय, सासूबाई मागच्या सीटवर तोंड फुगवून. मी म्हटलं पटकन पिशवी ठेवते गाडीत आणि परत येते. आणि नाही आले." तिने ओठ चावला. "खिडकीतल्या टेबलावर राहिला. सगळे दिवस उन्हात. आज सकाळी येऊन मी आत ठेवला."

जूनमध्ये त्या खिडकीतले ऊन मावळतच नाही म्हटले तरी चालेल. मायवोरला एकदम हायसे वाटले. गुल्लनचा राग आलाच नाही. कोडे सुटल्याचाच आनंद.

"अगं, मग इतकंच ना! म्हणजे कॉलम खरं सांगतोय. बुधवारी सांगून टाकू. शुक्रवारी बन भाज, संपलं."

"नको." गुल्लनने तिचा हात धरला, बर्फासारखा हात. "ऑगस्टमध्ये माझी नोकरी कायम व्हायचीय. टोर्केलच्या सहीवर आहे ते. शेलचा कारखाना बंद पडतोय हे तुला ठाऊक आहे. ती पूड किती मुश्किलीने मिळते, आणि मी ती उन्हात टाकून नाचायला गेले, हे कळलं तर तो सही करेल? मायवोर, कुणाला सांगू नकोस. शपथ घे."

"शपथ कशाला? मी म्हणते ना, नाही सांगणार."

"घे गं."

मायवोर शपथ घेणाऱ्यांतली नव्हती. देवाचे नाव असल्या कामाला वापरायचे तिच्या जिवावर येई. तरी ती म्हणाली, "माझ्या तोंडून कुणाला कळणार नाही. देवाशपथ."

गुल्लनने तिला मिठी मारली. त्या मिठीची ऊब मायवोरला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिली, आणि ती आठवण तिला नकोशी होत गेली.

मंगळवारपासून गुल्लन जुन्या कॉलमचे गुण गायला लागली. कॉफीच्या टेबलावर, जिन्यात, हात धुताना. "जुनाच बरा. इतकी वर्षं आपण त्याच्यावर विसंबलो, काही वाईट झालं का? कसा छान एकच उंचवटा!"

आल्गोत म्हणाला, "परवापर्यंत तर आजीचा चष्मा हरवला होता. सापडला वाटतं."

सगळे हसले. गुल्लनही हसली. मायवोर हसली नाही. तिला आता दिसायला लागले होते की गुल्लन काय मागते आहे. जुना कॉलम निवडला तर दुसरा उंचवटा नाहीच. उंचवटा नाही तर प्रश्न नाही, प्रश्न नाही तर उन्हात राहिलेला स्टँड नाही. सगळे सुखी. फक्त यापुढे बिघडलेले हार्मोन चांगल्याच्या पोटात लपून जिल्ह्याजिल्ह्यात जाईल आणि कुणाला कळणार नाही. कुठल्यातरी गावात कुणी डॉक्टर एखाद्या ठेंगण्या पोरीच्या आईला सांगेल की रक्तात हार्मोन पुरेसे आहे, इंजेक्शनची गरज नाही. आणि ती पोर तेवढीच राहील.

जिन्यात तिने गुल्लनला गाठले. "तुझं नाव मी घेणार नाही. पण आंधळा कॉलम मी निवडणार नाही. टोर्केलला सांगणार आहे, नवी पूड फोड, सगळ्यांसमोर विरघळव, आणि लगेच सोड. एकच उंचवटा येईल. मग कॉलमवरचा आळ जाईल."

"आणि मग तो विचारेल, आधीच्या कुप्यांना काय झालं होतं."

"विचारेल. मी म्हणेन, मला माहीत नाही. खोटं बोलेन मी तुझ्यासाठी. आयुष्यात पहिल्यांदा."

गुल्लन एक पायरी खाली उतरून वळली. "बघ हं मायवोर. ते फोडलंस तर मला काहीतरी बोलावं लागेल."

हे वाक्य मायवोरने ऐकले, पण तिने त्याचा अर्थ असा लावला की गुल्लन कबूल करणार. तिला बरे वाटले. त्या दिवशी प्रार्थनेत तिने गुल्लनला धीर दे, असे मागितले.

बुधवारी सगळे कॉफीच्या टेबलाभोवती बसले. ठरवायचे ते तिथेच ठरे. कुणी आवाज चढवत नसे, कुणी नाही म्हणत नसे, आणि जो गप्प बसला त्याचा होकार धरला जाई. मायवोरने आपले म्हणणे मांडले. टोर्केलने तिचे वाक्य पूर्ण व्हायच्या आधीच मान हलवली. "बरोबर. कॉलम मोडत असेल तर ताजं हार्मोनही मोडेल. नाही मोडलं, तर कॉलम सुटला." तो स्वतः उठून पुडीची एक कुपी घेऊन आला. सगळ्यांच्या देखत ती विरघळवली गेली, नव्या कॉलमवर सोडली गेली, आणि सगळे यंत्राभोवती कप हातात घेऊन उभे राहिले.

लेखणी चढली. उतरली. आणि सरळ रेघ ओढत राहिली, ओढत राहिली. दुसरा उंचवटा आला नाही.

"झालं," टोर्केल म्हणाला. "हाच कॉलम." मग भिंतीवरच्या कागदाकडे वळून म्हणाला, "म्हणजे त्या कुप्या खरोखर बिघडल्या होत्या. ऊब लागलीय त्यांना. सणाआधी कुणी ठेवल्या?"

मायवोरने तोंड उघडले. "मला माहीत नाही," एवढेच म्हणायचे होते. तेवढे शब्द तिने दोन दिवस घोकले होते. पण खोट्याची सवय नसलेली जीभ क्षणभर अडली.

त्या क्षणात गुल्लन बोलली. हळू, जणू तिलाच वाईट वाटत होते. "मायवोरने भरल्या होत्या. तिला बसची फार घाई होती, आई एकटी म्हणून. मी म्हटलंही, मी ठेवू का. ती म्हणाली, मीच ठेवते. राहून गेलं असेल बिचारीचं. कुणाचंही होतं."

मायवोरने तिच्याकडे पाहिले. गुल्लन टोर्केलकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मैत्रिणीची बाजू सांभाळून घेणारे गोड हसू होते. ते हसू मायवोरने ओळखले. सूप घेऊन येताना हेच असायचे.

शपथ घेतलेली होती. खोटे बोलायला ती तयार होती, खरे बोलायला मोकळी नव्हती. ती म्हणाली, "मी..." आणि थांबली. त्या टेबलावर गप्प बसणे म्हणजे होकार.

"अखेर!" आल्गोतने टाळी वाजवली. "अखेर मायवोर! शुक्रवारी बन! देवा, माझं ऐकलंस."

हशा पिकला. टोर्केलही हसला, तिच्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "होतं गं. दगदग फार झाली तुझी. सुट्टीपर्यंत हार्मोनच्या कुप्या गुल्लनला बघू दे. पुडीच्या फ्रीजरची किल्ली तिच्याकडे दे." तो हे प्रेमानेच म्हणाला. मायवोरने खिशातून किल्ली काढली. इतक्या वर्षांत कापडावर तिचा ठसा उमटला होता. गुल्लनने ती घेतली, आणि घेताना तिच्या बोटांवर हलकेच दाब दिला. धीर दिल्यासारखा.

गुरुवारी संध्याकाळी चर्चमध्ये तालीम. गुल्लन नेहमीच्या जागी येऊन उभी राहिली, पर्समधून गोळी काढून मायवोरपुढे धरली. "घसा बसलाय तुझा." गाणे सुरू झाले, आणि तिने कोपराला कोपर लावले. मायवोरने हात अंगाशी घेतला. गुल्लनचा सूर चुकला.

बाहेर सायकलींपाशी मायवोर म्हणाली, "का गं?"

गुल्लन कुलूप काढत राहिली. "तूच फोडायला लावलीस पूड. मी सांगितलं होतं तुला."

"मी तुझं नाव घेणार नव्हते."

"त्याने शोधून काढलं असतं. दोघींपैकीच कुणीतरी. मग?" तिने मान वर केली. डोळ्यांत पाणी होते, पण आवाजात नव्हते. "मायवोर, तू कायम आहेस. तुला कुणी काढणार नाही, कुणी रागावणार नाही, सगळे उलट हसले. तुला काय पडतंय? एक पाटी बन. माझं घर गेलं असतं."

"माझी किल्ली गेली."

"सुट्टीनंतर देईल तो परत. किल्लीच ती."

"आणि मी काय सांगू देवाला?"

"देवाला माहीतच आहे की," गुल्लन म्हणाली. "त्याला सांगायची काय गरज?" आणि सायकलवर बसून निघाली. मायवोर तिथेच उभी राहिली. तिला वाटत होते की गुल्लन वळून बघेल. रस्ता सरळ होता, दूरपर्यंत दिसत होता.

त्या रात्री मायवोरने पीठ काढले. वेलदोडे कुटले, लोणी वितळवले, दूध कोमट केले. मग हात पुसून खुर्चीवर बसली. भाजले तर विषय मिटतो. कायमचा. कुणी पुन्हा काढणार नाही. पण भाजणे म्हणजे मी केले असे म्हणणे, आणि ते तिने केलेले नव्हते. गप्प राहायची शपथ तिने घेतली होती. खोटी कबुली द्यायची नव्हे. तिने दूध मांजरीला दिले आणि दिवा मालवला.

शुक्रवारी ती रिकाम्या हाताने कॉफीला आली, जे होईल ते होवो म्हणून. टेबलावर मधोमध मोठे ताट होते. त्यावर सोनेरी, वर साखरेचे खडे पेरलेले बन. खोलीभर वेलदोड्याचा वास.

"मायवोर, अगं काय हे!" आल्गोत एक तोंडात आणि एक हातात धरून म्हणाला. "इतकी वर्षं हे लपवून ठेवलंस?"

मायवोरला काही समजेना. गुल्लन तिच्या कानाशी वाकली, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली, "काल तुला बरं नव्हतं ना. म्हटलं, तुझ्या वतीने मीच भाजून आणते. आता संपलं सगळं."

संपलं सगळं. लुटून नेलेल्या घराला वर बाहेरून कुलूप लावून द्यावे, तसे ते होते. आता ती कधीच काही बोलू शकणार नव्हती. बन खाल्ले गेले होते.

टोर्केलने ताट तिच्यापुढे सरकवले. "घे. स्वतःचे तरी खा."

"माझे नाहीत हे," मायवोर म्हणाली.

तिचा आवाज नेहमीसारखाच होता. तिने ताट हळूच परत ढकलले, गुल्लनपुढे नेऊन थांबवले.

"मी भाजले नाहीत. गुल्लनने भाजलेत."

एवढेच. शपथ मोडेल असे एक अक्षर त्यात नव्हते, आणि जे होते ते गुल्लनने स्वतःच सांगितलेले. आल्गोत हसायला गेला आणि मध्येच थांबला. त्याने हातातल्या बनाकडे पाहिले, मग गुल्लनकडे. या खोलीत बन कोण भाजतो हे सगळ्यांना ठाऊक होते. टोर्केलने अर्धा खाल्लेला बन बशीच्या काठावर ठेवला. गुल्लन खिडकीबाहेर बघायला लागली. तिच्या मानेवर लाल डाग चढत गेले.

कुणीतरी आता विचारेल, असे मायवोरला वाटले. विचारले असते तरी ती बोलणार नव्हती. पण विचारले असते तर तिच्या मनावरचा दगड हलला असता. कुणी विचारले नाही. टोर्केलने घड्याळ पाहिले. एकेक खुर्ची मागे सरकली. बन खाऊन झाल्यावर विषय काढायचा नसतो, ही रीत सगळ्यांनी पाळली.

सोमवारी फ्रीजरची किल्ली मायवोरच्या टेबलावर होती, हातमोज्यांच्या खोक्याखाली, कुणीतरी लाजत ठेवल्यासारखी. तिने ती खिशात घातली. ऑगस्टमध्ये गुल्लन कायम झाली, वरच्या मजल्यावरच्या दुसऱ्या खात्यात. जिन्यात भेटली की म्हणायची, "काय गं, आई कशी आहे?" आणि मायवोर म्हणायची, "बरी आहे."

नवा कॉलम राहिला. मण्यांची धार गेली की त्याच जातीचा दुसरा आला, मग तिसरा. दुसऱ्या शहरांतून लोक विचारायला येत की या हार्मोनसाठी कॉलम निवडताना काय पाहता. मायवोर भार सांगायची, भोकांचे माप सांगायची, मिठाची चढण सांगायची, आणि शेवटी म्हणायची, "छान दिसणाऱ्या एका उंचवट्यावर भाळू नका." लोकांना ते कामापुरते वाटे.

चर्चमध्ये तिने वरच्या रांगेत जागा मागून घेतली. दर रविवारी सगळे मिळून जी प्रार्थना म्हणतात, तिच्यात स्वतःसाठी क्षमा मागून झाल्यावर एक ओळ आहे: जसे आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो. त्या ओळीला मायवोरचे ओठ मिटत. आधीची ओळ ती म्हणायची, नंतरची म्हणायची. मधली नाही. न केलेली गोष्ट केली म्हणून देवासमोर सांगायची नाही, एवढेच तिला कळत होते. देवाने आजवर तिला त्याबद्दल हटकलेले नाही. वाट बघत असेल.

पुढे बऱ्याच वर्षांनी, पुन्हा एका मिडसोमरच्या आदल्या दुपारी, सगळे गेल्यावर टोर्केलला ती कुप्यांपाशी दिसली. आल्गोत निवृत्त झाला होता; टोर्केलचेही थोडेच दिवस उरले होते.

"मायवोर, बस जाईल तुझी. आण इकडे तो स्टँड, मी ठेवतो. मी कुठे नाचायला जाणार आहे या वयात?"

त्याने दोन्ही हात पुढे केले होते. इतक्या वर्षांनी, त्या शुक्रवारच्या बनांबद्दल एवढेच करता येण्यासारखे आहे असे वाटून केले असावेत. ते मायवोरलाही कळले. तिला त्याच्याबद्दल मायाही वाटली.

"नको," ती म्हणाली. "जाऊ दे बस."

तिने स्टँड दोन्ही हातांनी उचलला, थंड खोलीत नेऊन ठेवला, बाहेर येऊन दार लावले. मग पुन्हा उघडून आत पाहिले, आणि पुन्हा लावले.